तलफेला नेमका शब्द शोधताना

सिगारेट सोडण्यासाठी मी सजगतेचं, म्हणजे आत्ता काय होतंय त्याकडे नीट लक्ष देण्याचं, प्रशिक्षण घेतलं. त्याच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला सिगारेट सोडायला सांगितलंच नव्हतं. ओढायला सांगितलं होतं. फक्त फोन लांब ठेवायचा, कुणाशी बोलायचं नाही आणि प्रत्येक झुरक्याला काय होतंय ते बघायचं.

मी १९ वर्षं ओढत होते. भाषांतराचं काम करते. एक पान संपलं की एक, वाक्य अडलं की एक, असं करत दिवसाला पंधरा-सोळा व्हायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी नुसती सिगारेट ओढली. काडीचा वास आवडला. पहिला झुरका घशाला खरखरीत लागला, जिभेवर कडवट, धातूसारखी चव राहिली. दोन-तीन झुरक्यांनी खांदे सैल पडले, तेही खरंच. पण त्यानंतरची अर्धी सिगारेट मी कशासाठी ओढतेय, याचं उत्तर अंगात कुठेच सापडेना. इतक्या वर्षांत ही चव मला ठाऊकच नव्हती, कारण दर वेळी मी दुसरीकडे असायचे. अडलेल्या वाक्यात, नाहीतर आदल्या दिवशीच्या भांडणात.

धुरातलं निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. मग जी बेचैनी सुरू होते ती पुढची सिगारेट शमवते, आणि आपण समजतो की सिगारेटने ताण घालवला. हे मला डॉक्टरांनी खूप आधीच समजावलं होतं. पटलंही होतं. तरी बाहेर पडल्या पडल्या पेटवली होती.

मी नाव नोंदवलं ते एका अभ्यासाबद्दल वाचून. जडसन ब्रूअर या मनोविकारतज्ज्ञाने येल विद्यापीठात ८८ जणांवर केलेला हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. रोज सरासरी २० सिगारेटी ओढणारी ही माणसं. निम्म्यांना चार आठवडे, आठवड्यातून दोनदा सजगतेचं प्रशिक्षण दिलं, बाकीच्यांना एक प्रचलित कार्यक्रम. १७ आठवड्यांनंतर पहिल्या गटातले ३१ टक्के सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्यातले ६ टक्के. पण २०२२ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २१ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा इतर उपायांपेक्षा सजगता सरस असल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. हेही सांगायलाच हवं. म्हणून मी डॉक्टरांना विचारून निकोटिनचं च्युइंग गमही घेतलं. आमच्या गटात काहींना तो कमीपणा वाटायचा. मला नाही वाटला, आजही वाटत नाही.

सोडल्यानंतरचा तिसरा दिवस सगळ्यात वाईट गेला. आम्हाला शिकवलं होतं ते असं: तलफ आली की ओळखायची, तिला येऊ द्यायचं, अंगात ती कुठे आहे ते बघायचं आणि एकेका शब्दात नोंदवायचं. मी घड्याळ समोर ठेवलं आणि वही उघडली. घशाच्या तळाशी ओढ. जबडा घट्ट. तळवे गरम. मग पोटाच्या वर काहीतरी होतं, त्याला शब्द मिळेना. ‘भीती’ लिहिलं, खोडलं. ‘भूक’ लिहिलं, तेही खोडलं. शेवटी ‘घाई’ लिहिलं आणि ते बरोबर होतं. घड्याळात बघितलं तर सहा मिनिटं झाली होती आणि जबडा सुटला होता. तलफ म्हणजे एकच प्रचंड गोष्ट, असं मी धरून चालले होते. तिचे असे तुकडे पडले की एकेक तुकडा सोसण्याइतका असतो.

तलफा थांबल्या नाहीत. अ‍ॅलन मार्लॅट हे मानसशास्त्रज्ञ तलफेला लाट म्हणत. तिच्याशी झुंजायचं नाही, ती चढून ओसरेपर्यंत तिच्यावर तरंगत राहायचं. २००९ साली सारा बोवेन यांच्याबरोबरच्या त्यांच्या अभ्यासात हे शिकलेल्या विद्यार्थ्यांची तलफ इतरांपेक्षा कमी झाली नव्हती, पण पुढच्या सात दिवसांत त्यांनी सिगारेटी कमी ओढल्या. माझंही अगदी तसंच झालं.

सातव्या आठवड्यात कामाची मुदत हुकली आणि रात्री मी एक ओढली. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक बाईंना रडत फोन केला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “कशी लागली?” मला आठवेना. एकही झुरका आठवेना. त्या म्हणाल्या, “मग हेच लिहून ठेवा.”

ते लिहिलं, त्याला आता चौदा महिने झाले. च्युइंग गम सुटलं, वही अजून टेबलावर असते. गेल्या आठवड्यात एका मोठ्या पुस्तकाचं शेवटचं पान संपलं आणि हात आपोआप खणाकडे गेला. थांबले. छातीच्या मधोमध काहीतरी हलत होतं. ‘पोकळ’ लिहिलं, खोडलं. बराच वेळ बसून राहिले, मग ‘सांगायचंय’ लिहिलं.

आणि बहिणीला फोन लावला.