दोन आठवड्यांचा करार

सोमवार, रात्री

अमेरिकन गायक वेन न्यूटनबद्दल लिहायला बसलं की गाण्यांच्या आधी भागाकार करावा लागतो. 1994 मध्ये लास व्हेगसमधला त्याचा 25,000 वा कार्यक्रम झाला. सुरुवात 1959 ची धरली तरी वर्षाला सातशेच्या वर कार्यक्रम येतात, म्हणजे एकही सुट्टी न घेता रोजचे जवळपास दोन. एल्व्हिस प्रेस्लीने याच शहरात 1969 ते 1976 या काळात 636 कार्यक्रम केले आणि त्याचं नाव शहराला कायमचं चिकटलं. एल्व्हिस मात्र दोन-चार आठवडे गायचा, मग काही महिने निघून जायचा. न्यूटन तिथंच राहायचा.

रेकॉर्डच्या बाजारात त्याची ठळक गाणी दोनच. एक 1963 चं 'डांके शोन', दुसरं 1972 मधलं, जे अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. एवढ्या भांडवलावर कुणी साठ वर्षं उभं राहत नाही. तो टिकला तो रोजच्या रात्रीच्या कामावर, आणि त्या कामाबद्दल फार कमी लिहिलं जातं याची मला मनापासून खंत वाटते.

बुधवार

पहिली जागा फ्रेमाँट हॉटेलचं लाउंज. वेन आणि त्याचा थोरला भाऊ जेरी. करार दोन आठवड्यांचा, वय शाळकरी. दोन आठवड्यांची पाच वर्षं झाली, दिवसाला सहा कार्यक्रम.

लाउंज आणि शोरूम हा फरक आधी समजून घ्यायला हवा. (आपल्याकडे शोरूम म्हटलं की गाड्यांचं दुकान डोळ्यांपुढे येतं. तिथं ते कॅसिनोचं मुख्य सभागृह: टेबलं, अर्धगोल कोच, मोठा वाद्यवृंद.) लाउंज जुगाराच्या मजल्यालाच लागून असतं. तिकीट नसतं, फार तर एक पेय घ्यावं लागतं. बाजूला स्लॉट मशिनं खणखणत असतात, माणसं उठून जातात, नवी येऊन बसतात. साधारण पाऊण तास गायचं, थोडं थांबायचं, पुन्हा उभं राहायचं. संथ सुरुवातीचं गाणं इथं चालत नाही, पहिल्या आठ मात्रांत माणूस वळला पाहिजे. आणि ऐकणारे बदलतात तसा गाणारा बदलत नाही. सहाव्या खेपेला समोर बसलेल्याची ती पहिलीच खेप असते.

नेवाडात (लास व्हेगस याच राज्यात आहे) 21 वर्षांखालच्याला जुगाराच्या मजल्यावर रेंगाळायला बंदी आहे. म्हणजे ज्या जागेत हा मुलगा रोज सहा वेळा गात होता, तिथं दोन कार्यक्रमांच्या मधे त्याला थांबता येत नव्हतं.

याच काळात त्याची वाद्यं उपयोगी पडली असणार. गिटार, बँजो, व्हायोलिन, ट्रम्पेट, पियानो अशी कितीतरी वाद्यं तो वाजवतो. लोकांना ती करामत वाटते. मला त्यात गळ्याचा हिशोब दिसतो. पाऊण तासात दोनदा तीन-तीन मिनिटं बँजो किंवा व्हायोलिन घेतलं की सहा मिनिटं गळा मोकळा राहतो. सहा कार्यक्रमांत ती छत्तीस मिनिटं होतात. फक्त ट्रम्पेट यातून वगळायचा, कारण त्याला श्वासाचा जोर लागतो आणि लगेच पुढचं गाणं उंच असेल तर दम पुरत नाही.

गुरुवार, पहाटे

गळ्याबद्दलच लिहायचं होतं.

लहानपणी त्याला दमा होता. त्यासाठीच कुटुंब ॲरिझोनातल्या फिनिक्सला आलं. दम्यासाठी निवडलेली ती कोरडी हवाच गाणाऱ्याला छळते. लास व्हेगसला वर्षाकाठी जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो, उन्हाळ्यात दुपारी हवेतली आर्द्रता दहा टक्क्यांच्या आसपास उतरते. वर एसी आणि सिगारेटचा धूर. बाहेरून येणाऱ्या गायकांचा आवाज दोन-तीन दिवसांत बसतो. त्याला तिथं नावच आहे, 'व्हेगस थ्रोट'.

कारण साधं आहे. 440 चा सूर लावला की स्वरतंतू सेकंदाला 440 वेळा एकमेकांवर आपटतात. त्यांच्यावरचा ओलसर थर सुकला की घर्षण वाढतं, सूज येते, सुजलेला तंतू जड होतो आणि आधी वरचे हळुवार सूर जातात. गायक मग जोर लावतो, त्याने सूज आणखी वाढते.

मंचावरचा पाण्याचा घोट यावर इलाज नाही. पाणी अन्ननलिकेतून जातं, तंतूंना शिवतसुद्धा नाही. ते रक्तावाटे पोहोचायचं तर दुपारपासून थोडं थोडं प्यायला हवं. थेट पोहोचते ती वाफ. म्हणून खोलीत ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) लावून आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांवर ठेवायची, तो नसेल तर न्हाणीघरात गरम पाण्याचा शॉवर सोडून दार लावून बसायचं. सर्दीच्या गोळ्या टाळायच्या, त्यांनी नाकाबरोबर गळाही सुकतो. खाकरण्याऐवजी घोट गिळायचा. कुजबुजायचं नाही, पुष्कळ जणांचा गळा त्यात उलट ताणला जातो.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते कार्यक्रमानंतर. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलतो. भेटायला आलेल्यांशी मशिनांच्या आवाजावर अर्धा तास गप्पा मारल्या की दुसऱ्या कार्यक्रमाचा आवाज तिथंच खर्च होतो. प्रेक्षकांत उतरून हात मिळवणं ही तर न्यूटनची ओळख. ते हात मिळवणं संगीत चालू असताना, मायक्रोफोन हातात ठेवून केलं तर आवाज चढवावा लागत नाही.

शुक्रवार

मोठ्या सभागृहापर्यंत तो विनोदवीर जॅक बेनीच्या आधी गाणारा म्हणून पोहोचला. पुढे फ्लमिंगो हॉटेलमध्ये दुसऱ्या एका विनोदवीराच्या आधी गाण्याचं काम पुढे आलं, तेव्हा त्याने मुख्य नावाचीच जागा मागितली आणि ती मिळाली. त्याच्या साऱ्या कारकिर्दीतला हा निर्णय मला सर्वांत धाडसाचा वाटतो.

रविवार

आज पट्टीबद्दल. 1963 च्या त्या रेकॉर्डवर त्याचा आवाज इतका उंच आहे की बाई गातेय असं वाटावं. वय वाढलं, आवाज खाली आला. पेटीवाला साथीला असता तर पट्टी क्षणात उतरली असती. इथं मात्र प्रत्येक वादकापुढे लिहिलेल्या सुरांचा कागद असायचा, आणि हॉटेलचे वादक तो समोर पाहून वाजवायचे.

समजा गाणं बी फ्लॅटमध्ये आहे आणि अर्धा सूर उतरवून ए मध्ये न्यायचं आहे. ट्रम्पेटचा कागद एक सूर वर लिहितात, त्यामुळे आधी त्यांच्यापुढे सी होता, एकही शार्प (अर्धा सूर चढवलेला स्वर; उतरवलेला तो फ्लॅट) नसलेला. आता बी येतो, पाच शार्पचा. रात्रीच्या दुसऱ्या कार्यक्रमात थकलेल्या ओठांनी पाच शार्प वाचताना चुका होतातच. म्हणून जाणता संयोजक अर्ध्याऐवजी पूर्ण सूर उतरवतो. ए फ्लॅट केला की ट्रम्पेटपुढे दोनच फ्लॅट राहतात. पण मग ट्रोम्बोन आणि बेस इतके खाली जातात की आवाज गढूळ होतो. त्यांच्या ओळी नव्याने लिहाव्या लागतात. एक गाणं उतरवायचं म्हणजे पंधरा-वीस कागद.

1989 मध्ये तिथल्या वादकांनी मोठा संप केला, कारण हॉटेलं वाद्यवृंदाच्या जागी टेप आणू लागली होती. टेपवर पट्टी ठरलेली, लय ठरलेली, लांबी ठरलेली. घसा बसलेल्या रात्री दोन गाण्यांची अदलाबदल करता येत नाही, लोक रंगले म्हणून एक कडवं वाढवता येत नाही. न्यूटन तर ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त गाण्यासाठी प्रसिद्ध. कॅसिनोला ते सोसणं सोपं नसतं. लोक सभागृहात आहेत तोवर जुगाराच्या टेबलावर नाहीत.

मंगळवार

1999 मध्ये लास व्हेगसच्या स्टारडस्ट हॉटेलने त्याच्याशी दहा वर्षांचा करार केला. वर्षातले 40 आठवडे, आठवड्याला सहा कार्यक्रम, सभागृहाला त्याचं नाव. वर्षाचे 240. साठीकडे झुकलेल्या गळ्याला हेही जड, पण दोन दिशांनी सुसह्य: रोज साधारण एकच कार्यक्रम, आणि वर्षाकाठी बारा आठवडे मोकळे. स्वरतंतूंची सूज उतरायला सलग विश्रांती लागते, मधल्या एका सुट्टीने ते होत नाही. 2005 च्या एप्रिलमध्ये तो करार दोन्ही बाजूंच्या संमतीने संपला.

त्यानंतरचे कार्यक्रम वेगळ्या बांधणीचे. जुन्या चित्रफिती, आठवणी, मधे गाणी. आवाज खरखरीत झाला होता, हे ऐकणाऱ्याला कळत होतं. पुढे सीझर्स पॅलेस हॉटेलमधलं क्लिओपाट्राज बार्ज, म्हणजे पुन्हा लाउंजएवढीच जागा. अशा खोलीत मायक्रोफोन ओठांजवळ धरून बोलल्यासारखं गाता येतं, मागच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागत नाही.

तरी 'डांके शोन' काढता येत नाही. लोक त्यासाठीच येतात. अशा गाण्याची जागा फार विचार करून ठरवावी लागते. पहिलं ठेवलं तर गळा तापलेला नसतो, शेवटचं ठेवलं तर थकलेला असतो. मी असते तर चौथं ठेवलं असतं, लांब गप्पांनंतर लगेच नव्हे, कारण बोलण्याने आवाज खाली बसतो. आधी एक मधल्या पट्टीतलं सोपं गाणं, मग चित्रफीत, तेवढ्यात दोन घोट कोमट पाणी, आणि मग ते.