लाइन, सूत आणि जवस

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझ्या लहानपणी ‘लाइन’ या शब्दाचा एकच अर्थ होता, तो म्हणजे वीज. ‘लाइन गेली’, ‘लाइन आली’, ‘आज रात्रीची लाइन आहे’ ही वाक्ये आमच्या कानांवर सतत पडत असत, आणि त्यांतल्या शेवटच्या वाक्याचा अर्थ असा की, मध्यरात्री मोटार सुरू करायला घरातल्या कुणाला तरी बॅटरी घेऊन मळ्यात जावे लागणार. पाचवीत इंग्रजी सुरू झाले तेव्हा गुरुजींनी या शब्दाचा अर्थ ‘रेषा’ असा सांगितला, आणि तो मला बरेच दिवस चुकीचाच वाटत राहिला.

पुढे मी स्वतः इंग्रजी शिकवू लागलो, तेव्हा या एका शब्दाने किती कामे अंगावर घेतली आहेत ते ध्यानात आले. कवितेची ओळ, नटाच्या तोंडचे वाक्य, कपाळावरची आठी, गळाची दोरी, घराण्याचा वंश, सैन्याची आघाडी, या सगळ्यांना इंग्रजीत हाच शब्द चालतो. अमेरिकेत माणसांची रांगही लाइनच, ब्रिटनमध्ये मात्र तिला ‘क्यू’ म्हणतात. मुलांना हे अर्थ पाठ करायला लावणे मला कधीच पटले नाही, कारण त्यांना जोडणारा एक धागा आहे आणि तो खरोखरच धागा आहे.

लॅटिन भाषेत ‘लिनुम’ म्हणजे जवस आणि ‘लिनेआ’ म्हणजे जवसाच्या तंतूंचा दोरा. हा दोरा ताणला की सरळ रेषा मिळते. त्या रेषेत माणसे उभी राहिली की रांग होते, अक्षरे बसली की ओळ होते. लिनन हे कापडही त्याच मुळातले, आणि कपड्याच्या आतून लिनन लावत असत म्हणून अस्तराला ‘लाइनिंग’ हे नाव मिळाले. हे प्रथम वाचले तेव्हा मला फार आनंद झाला, कारण निळ्या फुलांचे जवस मी आमच्याच शेतात पाहिले होते. आपण ते तेलासाठी आणि चटणीसाठी पेरतो, तर युरोपात त्याच्या खोडातल्या तंतूंनी शतकानुशतके माणसांची अंगे झाकली.

मराठीतल्या ‘सूत’ या शब्दाने जवळजवळ हीच वाट चालली आहे. गवंडी भिंत सुतात घेतो, दोन माणसांचे सूत जुळते, आणि ‘सूत्र’ म्हणजे मुळात दोराच असला तरी तो नियमही होतो. सुतार अजूनही इंचाच्या आठव्या भागाला एक सूत म्हणतो, तर इंग्रजीत इंचाच्या बाराव्या भागाला लाइन म्हणत. आमच्याकडे गवंड्याच्या पिशवीत ‘लाइनदोरी’ असते. त्या जोडशब्दात दोन भाषांनी एकच वस्तू दोनदा सांगितली आहे, याचे मला आजही नवल वाटते.

या शब्दाचे इतके अर्थ एका ठिकाणी आलेले मी एकदाच अनुभवले. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून १० वाघिणींची पहिली पाणीगाडी लातूरला पोहोचली, तेव्हा तीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. रेल्वेलाइनवरून आलेले ते पाणी स्थानकातून पाइपलाइनने विहिरीकडे नेले जात होते, आणि शहरात टँकरची वाट पाहत रिकाम्या घागरींची लाइन लागलेली होती. माणसांच्या वतीने त्या घागरीच आपापला नंबर धरून असत. त्याच दिवसांत आमच्या गावी रात्रीची लाइन नेमाने येत होती, पण विहिरी कोरड्या पडल्यामुळे बॅटरी घेऊन मळ्याकडे कुणीच जात नव्हते.