14 × 10 च्या स्लॅबच्या खोलीतला बेस (स्पीकरचा खालच्या पट्टीतला आवाज): आतापर्यंतची नोंद

खोली 14 फूट लांब, 10 रुंद, 10 उंच. विटांच्या भिंती, सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब. यवतमाळकडच्या खेड्यांत नवी घरं साधारण याच घडणीची असतात, म्हणून आकडे सविस्तर देतोय. टिनाच्या घरात बेस छतातून नि फटींतून बाहेर निसटतो. पत्रा खडखडतो, पण घुमणं कमी. स्लॅबच्या खोलीत तो कोंडून राहतो.

25 अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला 346 मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की लांबीचा पहिला मोड (त्या मापामुळे खोलीत जास्त घुमणारा सूर) मिळतो, 40.5 हर्ट्झ. रुंदीचा 57. उंचीचाही 57, आणि खरं दुखणं हेच. दोन मोड एकाच जागी बसल्याने 57 च्या आसपासचा प्रत्येक ठोका लांबतो, वूफर कितीही महागाचा आणला तरी.

आधी बसायची जागा ठरवली. दिवाण मागच्या भिंतीला टेकवून ऐकलं की सगळा बेस फुगलेला वाटतो, कारण भिंतीशी दाब सर्वात जास्त असतो. बरोबर मध्यावर, 7 फुटांवर, 40 हर्ट्झ जवळजवळ गायब. मागच्या भिंतीपासून सव्वापाच फूट, म्हणजे लांबीच्या 38 टक्के, ही सुरुवातीची जागा. तिथून दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूट सरकून पाहायचं.

सबवूफर (फक्त बेसचा स्पीकर, पुढे नुसता सब) कोपऱ्यात ठेवला की आवाज मोठा येतो खरा, पण तिथून खोलीचे सगळेच मोड एकदम जागे होतात. पुढच्या भिंतीच्या मध्यावर आणला की रुंदीचा 57 शांत होतो, उंचीचा तेवढा उरतो. जागा शोधायची युक्ती जुनीच: सब ऐकायच्या जागेवर ठेवा, 30 ते 100 हर्ट्झचे टोन 5-5 च्या टप्प्याने लावा आणि आपण भिंतीकडेने जमिनीलगत रांगत ऐका. जिथे सगळे टोन त्यातल्या त्यात सारखे येतात, तिथे सब. मोबाइलच्या ॲपवर मोजत असाल तर एक पथ्य. मोबाइलचा माइक खालचा आवाज कापतो, त्यामुळे 40 ची तुलना 80 शी करू नका. 40 ची तुलना दुसऱ्या जागेवरच्या 40 शीच.

पुढचे स्पीकर भिंतीपासून 3 फुटांवर ठेवले तर मागून परतणारी लाट 95 हर्ट्झला आवाजात खड्डा पाडते. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबला आणि वरचा स्पीकरला जातो ती सीमा) 80 वर असल्याने तो नेमका स्पीकरच्याच वाट्याला येतो. वूफर भिंतीपासून 1 फुटावर आणला की खड्डा 284 वर सरकतो, आणि तिथे 4 इंचांची कापसाची गादी कामाला येते. पोर्ट, म्हणजे डब्याचं हवेचं भोक, मागे असेल तर तो मात्र गादीने बुजवू नका.

आता कापूस. 57 हर्ट्झच्या लाटेचा चतुर्थांश दीड मीटर भरतो. एक इंचाचा फोम भिंतीला चिकटवून बेसवर काहीच होत नाही, फक्त ट्विटर (बारीक आवाजाचा स्पीकर) मंद वाटतो. म्हणून मागचे दोन कोपरे फरशीपासून 8 फूट भरले. भिंतीलगतच्या दोन बाजू 2-2 फूट, त्रिकोणी सांगाडा बांबूचा, पुढे बारदाना ताणलेला. एका कोपऱ्याचं आकारमान 16 घनफूट, त्यात पिंजलेली रुई 9 ते 12 किलो. याहून दाबून भरली तर लाट आत न शिरता परतते. दर 2 फुटांवर खुराड्याची जाळी आडवी बांधावी लागते, नाहीतर महिनाभरात रुई खाली बसून वरचा भाग रिकामा. सरकी राहिलेला कापूस अजिबात नको, उंदीर हमखास येतात. पावसाळ्यात ओल धरते म्हणून भिंतीपासून दोन बोटं जागा सोडलीय. स्टॅबिलायझर आणि एक्स्टेन्शन बोर्ड कोपऱ्यापासून लांब ठेवा, रुई पेटायला ठिणगी पुरते. या कोपऱ्यांनी 100 च्या वरचं घुमणं चांगलं आवरलं. 57 वर फरक आहे, पण थोडाच.

उरलेलं इक्वलायझरकडे (ठरावीक सूर कमी-जास्त करणारं साधन), तेही फक्त कापण्यापुरतं. खड्डा भरायला 6 डेसिबल वाढवले की चौपट ताकद लागते. 4440 या ॲम्प्लिफायरच्या आयसीला ब्रिजमध्येही (दोन्ही चॅनल एकत्र जोडून) डेटाशीटप्रमाणे 19 वॉटच येतात, ती आधीच दमलेली असते. शिवाय खड्डा त्याने भरत नाही, कारण तिथे लाटा एकमेकींना खोडतात आणि वाढवलेलाही खोडला जातो.

आपल्याकडचं वेगळं गणित उन्हाचं आहे. पौषात खोली 12 अंशांवर असते तेव्हा 57 चा मोड 55.5 वर असतो, मे महिन्यात 40 अंशांना 58.2 वर. इक्वलायझरचा क्यू (आकडा मोठा तेवढी खाच अरुंद) 15 ठेवून बारीक कापलेली खाच थंडीत जुळली तरी उन्हाळ्यात हुकते. क्यू 4-5 ठेवा, थोडं कमी कापा, दोन्ही ऋतूंत चालतं.

बाकी काम: दुसरा साधा सब मागच्या भिंतीच्या मध्यावर. हर्मन या ऑडिओ कंपनीच्या टॉड वेल्टींनी 2002 मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावरचे दोन सब ही मांडणी चांगली ठरली होती. लांबीचा 40 त्याने दबायला हवा, 81 चा दुसरा मोड मात्र वाढेल, म्हणून क्रॉसओव्हर 70 वर आणून पाहायचा. त्यानंतर खिडकीत कूलर बसवून, चालू आणि बंद, दोन्ही मोजण्या पुन्हा.