तुम्ही विचारलंत म्हणून: मजबूत धातू इतक्यात तुटतो कसा?

मी नॅनोस्फटिकी, म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिकांच्या, मिश्रधातूंवर काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: एवढा मजबूत धातू करता, मग जरा ताणला की तुटतो कसा?

मुळात तो ठिसूळ असतोच असं नाही. (सुरुवातीचे नमुने पावडर दाबून केलेले असत. आत पोकळ्या राहत, त्यामुळे बदनामी जरा जास्तच झाली.) खरी अडचण वेगळी आहे. मऊ तांब्याची तार वाकवून पुन्हा सरळ करायला गेलात, तर वाकलेली जागा ताठ झालेली लागते. आतली डिसलोकेशन्स, म्हणजे अणूंच्या मांडणीतल्या सरकत्या दोषरेषा, एकमेकींत अडकून साचतात. ताणतानाही जो भाग आधी बारीक होतो तो असा कडक होतो, म्हणून ताण शेजारच्या भागावर जातो.

धातू ज्या छोट्या स्फटिकांचा बनलेला असतो ते कण १०० नॅनोमीटरच्या खाली आणले की डिसलोकेशन एका कणसीमेतून (दोन कणांमधल्या हद्दीतून) निघतं आणि समोरच्या सीमेत विरून जातं. साचायला जागाच नाही. मग जिथे मान पडली, म्हणजे धातू एका जागी बारीक झाला, तिथेच ती बारीक होत जाते आणि धातू तुटतो.

म्हणजे करायचं काय, तर बळकटी न घालवता साचायला जागा द्यायची. २००२ साली तांबं द्रव नायट्रोजनच्या थंडीत लाटून नंतर बेताचं तापवलं, तेव्हा काही कण मायक्रोमीटरएवढे वाढले आणि ताण सोसू लागले. बळकटीत थोडी घट पत्करावी लागते, ते चालतं.

मला मात्र नॅनोजुळ्यांचा मार्ग जास्त आवडतो. कणाच्या आत काही नॅनोमीटर अंतरावर आरशातल्या प्रतिमेसारखे थर तयार होतात. या जुळ्या सीमा डिसलोकेशन अडवतात, साठवतात आणि स्वतःच्या अंगाने सरकूही देतात. २००४ मध्ये चीनमधल्या लू के यांच्या गटाने असं तांबं केलं: ताणबळ १,००० मेगापास्कलच्या वर, तरी वीजवहन जवळजवळ शुद्ध तांब्याइतकंच. पण ॲल्युमिनियममध्ये जुळे सहजी होत नाहीत. तिथे कणांत बारीक अवक्षेप (धातूतून वेगळे झालेले घन कण) पेरणं बरं.

मिश्रधातूत दुसरं मूलद्रव्य सीमांवर बसवून कण वाढू न देणंही गरजेचं, पण निवड चुकली की घात: तांब्याच्या सीमांवर बिस्मथ बसलं तर त्या सीमाच फाटतात.

आणि कुणी मोठी तन्यता (न तुटता ताणलं जाण्याची क्षमता) सांगितली, तर मान पडण्याआधीची किती, ते आधी विचारा. आखूड नमुन्यात एकूण लांबवाढ फुगून दिसते.