धडधाकट माणसाच्या वेदनेवर लेझरची परीक्षा

वेदना कमी करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कमी शक्तीच्या लेझरची चाचणी दुखणेकऱ्यांना सोडून धडधाकट माणसांवर कशासाठी घ्यायची, असा प्रश्न अनेकांना पडतो. मानदुखीचा रुग्ण गोळ्याही घेत असतो, त्याचे दुखणे दिवसागणिक कमीजास्त होत असते आणि आराम नेमका कशाने पडला हे सांगणे अवघड जाते. निरोगी माणसाला मात्र ठरावीक वेदना मोजून देता येते.

ती देण्याच्या पद्धती साध्या आहेत. बर्फाच्या पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवायचा. दुखू लागेपर्यंतचा वेळ हा वेदनेचा उंबरठा आणि हात बाहेर काढेपर्यंतचा वेळ ही सहनशक्ती. दुसरी पद्धत अल्गोमीटर या दाब मोजणाऱ्या उपकरणाची: त्याचे एक चौरस सेंटिमीटरचे रबरी टोक दंडावर किंवा मानेवर एकसारख्या वेगाने दाबत न्यायचे आणि दाबाचे दुखण्यात रूपांतर होताच समोरच्याने 'थांबा' म्हणायचे. हा क्षण जो तो आपापल्या परीने ठरवतो, शिवाय तीच जागा वारंवार दाबली तर ती हुळहुळी होते; म्हणून मोजमापांमध्ये विश्रांती ठेवावीच लागते.

तुलनेसाठी एका गटाला खरा आणि दुसऱ्याला खोटा लेझर दिला जातो; खरी कसोटी लागते ती या खोट्या लेझरच्या बाबतीत. या उपचारात ऊब जवळपास जाणवत नाही (शेकाची सवय असलेल्या आपल्या रुग्णांना हे मुळीच पटत नाही), त्यामुळे प्रोब (लेझरचे त्वचेला लावायचे टोक) टेकवून, तोच आवाज करून, किरण मात्र बंद ठेवता येतो. 904 नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण डोळ्यांना दिसत नसल्याने फसवणूक सहज साधते. 633 च्या लाल किरणाला तीच गोष्ट जड जाते. गॉगल तर दोन्ही गटांना घालावाच लागतो.

मात्राही काटेकोर हवी. 100 मिलिवॉटचा प्रोब 30 सेकंद धरला की 3 ज्यूल ऊर्जा जाते, आणि जास्त मात्रेने परिणाम उलट घटू शकतो.

माझ्या मते अशा चाचणीचा निकाल नकारार्थी आला म्हणून उपचार मोडीत काढणे घाईचे ठरेल. 2009 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यात मानदुखीच्या 820 रुग्णांवरील 16 चाचण्या पाहून लेझरने वेदना कमी होत असल्याचा निष्कर्ष निघाला होता. लेझर दाह कमी करतो असे मानले, तर बर्फाच्या पाण्यातल्या निरोगी हातात शमवायला दाहच नसतो. तिथे तपासला जातो तो फार तर मज्जातंतूंवरचा तात्काळ परिणाम.