बनावट प्रोफाइलची तक्रार: माझा अनुभव

माझं नाव आणि फोटो लावून कुणीतरी बनावट प्रोफाइल उघडलं. तिथून माझ्या ऑफिसातल्या लोकांना घाणेरडे मेसेज जाऊ लागले, नंतर मलाच धमक्या. ओळखीतले म्हणायचे, 'यासाठी आपल्याकडे कायदाच नाही, कशाला भानगडीत पडतेस?'

कायदा आहे. दुसऱ्याची ओळख वापरणं माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याच्या कलम 66सीमध्ये येतं, अश्लील मजकूर 67मध्ये. बाईचा ऑनलाइन पाठलाग भारतीय न्याय संहितेच्या 78मध्ये, नाव लपवून धमकावणं 351मध्ये. वकील मैत्रिणीनं हे कागदावर लिहून दिलं होतं.

राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार घरबसल्या झाली, पण ती म्हणजे एफआयआर नव्हे. पोलीस ठाण्यात अंमलदार म्हणाले, 'मॅडम, अकाउंटच बंद करून टाका ना.' मग एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतो म्हणाले. 66सी दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी थेट गुन्हा नोंदवायचा, मग एनसी कशी, असं कागद पुढं करून विचारलं तेव्हा ते आत गेले. आयटी कायद्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो, आणि निरीक्षक बंदोबस्तावर. मी बसून राहिले. टेबलावर बँक फसवणुकीच्या फायलींचा ढीग होता. पैसे गेलेल्यांना आधी बघणार, हे मलाही कळत होतं.

पुराव्याचं प्रकरण वेगळंच. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. प्रोफाइलची लिंक, तारीख, वेळ लागते, शिवाय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र. त्याचा एक भाग आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळायचा आकड्या-अक्षरांचा ठसा, नोंदवायची. आईचा धोशा होता, 'ती घाण आधी पुसून टाक.' मूळ मेसेज फोनमध्ये ठेवले म्हणूनच तपासाला काही हाती लागलं.

ॲपवर रिपोर्ट केलं तर 'आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही' असं छापील उत्तर. 2021च्या आयटी नियमांत, बनावट ओळखीची तक्रार खुद्द पीडितानं केली तर 24 तासांत मजकूर हटवायचा, असं होतं. नियमाचा क्रमांक घालून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला आणि प्रोफाइल लगेच गायब! माणूस मात्र मोकळाच. पोलिसांनी कंपनीकडून आयपी, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, मागवायचा, मग तो आयपी कुणाचा ते इंटरनेट देणाऱ्या कंपनीला विचारायचं. पोलिसांनी लेखी मागितल्यावर 72 तासांत माहिती द्यावी, हेही त्याच नियमांत आहे. पण पत्रच निघायला महिने लागले तर ते 72 तास सुरू कधी होणार?

त्यामुळे 'कडक कायदा आणा' ऐकलं की मला आयटी कायद्यातलं 66ए आठवतं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं कलम. त्याच कलमाखाली 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टसाठी आणि लाइकसाठी अटक झाली. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. ट्रोलांना त्याचा धाक बसल्याचं मला तरी दिसलं नाही.

एक गोष्ट मात्र आहे त्या कलमांत नीट बसत नाही. शेकडो जण एकाच बाईवर तुटून पडतात. प्रत्येकाची कॉमेंट सुटी पाहिली तर फार तर उद्धट. कायदा हवा असेल तर इथं, आणि त्याचा मसुदा लिहिणं सोपं नाही. तपास अधिकाऱ्यांना मी हे विचारलं तर म्हणाले, 'तुमचा एकच होता म्हणून सापडला.' त्याच्यावर दोषारोपपत्र दाखल झालंय, तारखा पडताहेत.