हवा सुधारली आणि हे दगडफूल निघून गेलं

परवा इंग्लंडमध्ये लेकॅनोरा कोनिझिऑइडिस नावाचं दगडफूल शोधायला मी दीड तास घालवला. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या तिथल्या कुणाला हे सांगितलं असतं, तर तो हसलाच असता. तेव्हा कारखान्यांच्या शहरांत झाडाच्या सालीवर याच्याशिवाय दुसरं दगडफूल क्वचितच दिसायचं.

रूप काही नाही त्याला. राखाडी-हिरवट, पीठ सांडून वाळल्यासारखा थर आणि त्यात फिकट तपकिरी बारीक चकत्या. माझ्या पुस्तकातलं त्याचं पान मी दोन वर्षं न वाचताच उलटत होते. मग एकदा तारखा वाचल्या आणि थबकले. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये कितीतरी दगडफुलांना नावं दिली, पण याची १८६० च्या दशकाआधीची खात्रीची नोंदच मिळत नाही. नाव छापून आलं ते १८८५ मध्ये. एवढं माजलेलं दगडफूल शंभर वर्षं कुणाच्या नजरेला पडलं नाही? नाही पटत. ते आलं कोळशाच्या धुराबरोबर.

दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. मुळं नाहीत, वर मेणाचं आवरण नाही. जे काही घ्यायचं ते हवेतून आणि पावसातून. त्यामुळे धुरातला गंधक डायॉक्साइड बहुतेक जातींच्या जिवावर उठतो. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली दगडफुलं पाहून नायलँडर या दगडफुलांच्या अभ्यासकाने १८६६ मध्येच ती हवेची परीक्षा करतात असं म्हटलं होतं. आपला लेकॅनोरा गडी मात्र टिकला. त्याचा थर पाणी अंगाला लावूनच घेत नाही, धुराने आम्लधर्मी झालेली साल त्याला मानवते आणि शेजारी तर मरून गेलेले! मग काय, मोकळं रान. १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ या अभ्यासकांनी दगडफुलांवरून हवा मोजायची दहा पायऱ्यांची पट्टी तयार केली, तेव्हा जवळपास तळाच्या, म्हणजे घाणेरड्या हवेच्या, पायऱ्या याच्या वाट्याला आल्या.

धुराआधी ते कुठे राहत होतं? कुणी मध्य युरोपातल्या दलदलीतल्या पाइनकडे बोट दाखवतं, कुणी गंधकाच्या ज्वालामुखी भागांकडे. मला पाइन पटतो, कारण त्याची साल मुळातच आम्ल.

लंडनमध्ये १९५२ साली जीवघेणं धुरकं पसरलं, १९५६ मध्ये धुराला आळा घालणारा कायदा झाला, कोळसा हळूहळू हटला. साल पूर्वीसारखी झाली आणि आपला गडी मागे सरकू लागला. त्याच्या जागी आलं झँथोरिया हे नारिंगी दगडफूल, ज्याला शेतीतला अमोनिया आवडतो. म्हणजे हवा स्वच्छ झाली असं म्हणण्याआधी जरा थांबावं. निदान तिची घाण बदलली.

आता याचं संवर्धन करायचं का? धोक्यातल्या जातींची जागतिक लाल यादी करणाऱ्या आययूसीएन या संस्थेच्या निकषांत दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत संख्या ३० टक्क्यांनी घटली, तर जात धोक्याच्या उंबरठ्यावर येऊ शकते. घट आनंदाची की दुःखाची, हे तो आकडा विचारत नाही. दुसरीकडे एरिओडर्मा पेडिसेलॅटम हे दगडफूल. हवा बिघडली आणि जंगलं तुटली म्हणून ते संपत आलं. २००३ मध्ये त्या लाल यादीत आलेल्या पहिल्या दोन दगडफुलांपैकी ते एक. माझं मत विचाराल तर घट प्रामाणिकपणे नोंदवावी, पण पैसा आणि वेळ एरिओडर्माला द्यावा. लेकॅनोराला त्याच्या जुन्या पाइनवर राहू दिलं की पुरे.

शेवटी सापडलं ते एका जुन्या लाकडी कुंपणाच्या वरच्या फळीवर, बोटाच्या पेराएवढं. खरवडून घ्यायचा मोह झाला, पण हात आवरला. भिंगातून चकत्या पाहिल्या आणि बाटलीतला पाण्याचा एक थेंब त्यावर सोडला. तो मण्यासारखा गोल झाला, क्षणभर थरथरला आणि घरंगळून खाली गेला. थर कोरडा ठणठणीत.